हळदीच्या पट्ट्या आणि कॅनडाचा व्हिसा

आमच्या यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, उजव्या हाताची तीन बोटं मशीन घेतच नव्हतं. ऑगस्ट २०२३, पुण्यातलं व्हिसा अर्ज केंद्र. समोरच्या मुलीनं ओल्या कापडानं बोटं पुसून घेतली, मग कोरड्या कापडानं, मग काचेवर स्वतः दाबून धरली. चौथ्या-पाचव्या वेळी कुठं खूण हिरवी झाली. चाळीस वर्षं हळदीत आणि उसाच्या पाचटात गेलेले हात, बोटांवरच्या रेषा झिजून सपाट झालेल्या. माझी दहाही बोटं एका दमात निघाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिक्षिका होते, खडूनं काही रेषा झिजत नाहीत.

आम्ही सांगलीजवळच्या कसबे डिग्रजचे. पहाटे तीनला निघून पेठ नाक्यावरून हायवेला लागलो होतो आणि साडेआठला पुण्यात रांगेत उभे होतो. ठसे देऊन झाल्यावर मी त्या मुलीला विचारलं, "मिळेल ना गं व्हिसा?" ती म्हणाली, "मावशी, आम्ही फक्त ठसे, फोटो आणि पासपोर्ट घेतो. निर्णय तिकडचे अधिकारी करतात." तेव्हा मला वाटलं, ही टाळतेय. ती अगदी खरं बोलत होती. त्या काचेपलीकडच्या कुणाच्याही हातात काही नसतं, आणि ज्याच्या हातात असतं तो आपल्याला कधी दिसत नाही. अमेरिकेच्या व्हिसाला निदान मुंबईत वकिलातीच्या खिडकीसमोर उभं राहून दोन वाक्यं बोलता येतात. कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाला बहुतेकांची मुलाखतच होत नाही. तुमचा कागद बोलेल तेवढंच.

लेक कॅलगरीला, वर्क परमिटवर. मार्च २०२४ ची तारीख दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आमच्याकडची रीत, पण तिला इकडं येणं शक्य नव्हतं, म्हणून माहेरानंच तिकडं जायचं. नात्यातल्या एकानं सुपर व्हिसा सांगितला. त्यावर एका वेळी पाच वर्षंसुद्धा राहता येतं. पण त्यासाठी मुलगा किंवा मुलगी तिथली नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेंट लागते, शिवाय किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा. लेक दोन्हींपैकी काहीच नव्हती, तेव्हा तो रस्ता बंद. साधा व्हिजिटर व्हिसा, तोच आमचा रस्ता.

सांगलीतल्या एका एजंटाकडं गेलो. त्याचं नाव घेणार नाही. त्यानं पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी सांगितल्या. "डिलिव्हरीचं नाव काढायचं नाही मॅडम, फिरायला जातोय म्हणायचं." आणि, "खात्यावर पंधरा लाख दिसले पाहिजेत, तेही नॅशनलाइज्ड बँकेत." आम्ही त्याचं ऐकलं. माझ्या ग्रॅच्युइटीच्या पतसंस्थेतल्या दोन ठेवी मोडल्या, यांची हळदीची रक्कम अडत दुकानात पडून होती ती उचलली, आणि जुलैच्या एका आठवड्यात नऊ लाख रुपये माझ्या पेन्शनच्या खात्यावर भरले. सगळा पैसा आमच्या घामाचा होता, एक रुपया उसना नव्हता. त्यामुळं यात काही गैर दिसेल हे मनात आलंच नाही.

अर्ज त्यानं भरला, त्याच्याच ईमेलवर. आम्ही काय भरलंय ते वाचलंसुद्धा नाही. आयुष्यभर पोरांना "सही करण्याआधी वाचा" म्हणून शिकवलं आणि स्वतः तीन ठिकाणी न वाचता सह्या केल्या. याचं मला अजून वाईट वाटतं. फी माणशी शंभर कॅनेडियन डॉलर, ठशांचे माणशी पंच्याऐंशी. दोघांचे मिळून तीनशे सत्तर डॉलर, म्हणजे तेव्हाचे बावीस-तेवीस हजार रुपये. एजंटाचे पंचवीस हजार वेगळे.

दसरा झाला आणि दोन दिवसांनी नकार आला. म्हणजे आला होता आधीच, एजंटानं चार दिवसांनी सांगितला.

ते दिवस आठवत असतील. १८ सप्टेंबरला कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत भारतावर आरोप केला, मग भारतानं कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा थांबवले, आणि १९ ऑक्टोबरला कॅनडाचे ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत गेल्याचं जाहीर झालं. त्यांच्या इमिग्रेशन खात्याची इथली माणसं २७ होती ती ५ वर आली. गावात, पाहुण्यांत, बँकेत, जो तो हेच म्हणाला की, दोन देशांचं भांडण आहे, त्यात तुमचा बळी गेला. एजंटही तेच म्हणाला. मलाही ते पटलं, कारण त्यात आपली काही चूक नसते. दिवाळीत आकाशकंदील लावायचंही मन झालं नाही. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, त्या म्हणाल्या, "पोरगी तिकडं एकटी, आन् सरकारचं काय बिघडलं असतं म्हातारीला पाठवून?" मी काय उत्तर देणार!

नकाराचं पत्र मात्र भांडणाबद्दल काही बोलत नव्हतं. त्यात कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांतल्या कलम १७९(ब) चा आधार दिला होता. ठरलेल्या मुदतीअखेर हा माणूस देश सोडून जाईल याची अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे, असं ते कलम आहे. खात्री पटवायची जबाबदारी अर्ज करणाऱ्याची. खाली तीन कारणं, छापील वाटावीत अशी. आर्थिक स्थिती पुरेशी दाखवलेली नाही, कॅनडाबाहेर पुरेसे कौटुंबिक बंध दिसत नाहीत, आणि प्रवासाचा हेतू दिलेल्या माहितीशी जुळत नाही. माझा पहिला विचार हाच की, कौटुंबिक बंध नाहीत? चौऱ्याऐंशी वर्षांची सासू घरात, धाकटा मुलगा चाकणला, बांधाला बांध लावून दोन दीर!

लेकीनं तिथं चौकशी केली. या नकारावर अपील नसतं. तिथल्या फेडरल कोर्टात साठ दिवसांच्या आत दाद मागता येते, पण कोर्ट व्हिसा देत नाही. निर्णय अवाजवी ठरला तर अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडं पाठवतं. त्याचा खर्च आणि वेळ आम्हाला झेपणारा नव्हता. पण दुसरी एक वाट होती. कॅनडाच्या माहिती अधिकार कायद्याखाली, अधिकाऱ्यानं निर्णय घेताना संगणकात लिहिलेली टिपणं मागवता येतात. अर्ज कॅनडात असलेल्या माणसानंच करायचा, फी पाच डॉलर, मी संमतीपत्रावर सही करून पाठवायची, खात्यानं तीस दिवसांत उत्तर द्यायचं. (२०२५ च्या जुलैपासून काही नकारपत्रांसोबत ही टिपणं आपणहून देऊ लागलेत. तेव्हा मागवावी लागत.)

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती आली. लेकीनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि फोन केला, "आई, आधी वाच, मग बोलू." सात-आठ ओळी. मी चष्मा लावून चार वेळा वाचल्या. मराठीत सांगायचं तर असं होतं. अर्जदार निवृत्त, सोबत पती. खात्यात अलीकडेच मोठी रक्कम जमा, तिचा उगम दाखवलेला नाही. पतीच्या उत्पन्नाचा पुरावा नाही. जमिनीची कागदपत्रं भाषांतराविना. अर्जात कारण पर्यटन, मुलीच्या पत्रात प्रसूती. पती-पत्नी दोघंही एकत्र जाणार, मागं कोण याची माहिती नाही. पूर्वी परदेश प्रवास नाही. सगळ्याचा विचार करता मुदतीअखेर परत जातील याची खात्री पटत नाही.

भांडणाचा एक शब्द नाही. मी तेहतीस वर्षं पेपर तपासलेत. पोराला उत्तर येतंय हे मला ठाऊक असायचं, तरी कागदावर नसेल तर गुण कशाचे देणार? या अधिकाऱ्यासमोर आमचा कागद असा होता की, मीसुद्धा नापास केलं असतं. नऊ लाख कुठून आले, माहीत नाही. नवरा काय करतो, माहीत नाही. बाप फिरायला जातोय म्हणतो, लेक बाळंतपण म्हणते. त्याला हळद माहीत नाही, सातबारा वाचता येत नाही, आणि आमच्या घरात कोण आहे हे आम्हीच लिहिलेलं नाही. सासूबाईंचं नाव अख्ख्या अर्जात कुठंच नव्हतं.

एक गोष्ट तेव्हाच कळली, ती इथं लिहून ठेवते. कॅनडाच्या कायद्यानं, पैसे घेऊन व्हिसाचा सल्ला द्यायचा किंवा अर्ज भरायचा अधिकार तिथल्या वकिलांना आणि परवानाधारक सल्लागारांनाच आहे. कुणाला नेमलंय ते अर्जात जाहीर करावं लागतं. आमच्या एजंटाचं नाव कुठंच नव्हतं, सगळं आमच्याच नावावर. आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं बंदी. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. "फिरायला" हे पूर्ण खोटं नव्हतं, पण खरं कारण लपवलेलं होतं, आणि सही माझी होती.

त्याच आठवड्यात एका रात्री यांनी विषय काढला.

"तू एकटीच जा."

"आणि तुम्ही?"

"जानेवारीत हळद काढायला येती. काढणी, शिजवणी, वाळवण, पॉलिश, एप्रिल गाठतंय. आईला कोण बघणार?"

"अहो, मग हे पहिल्यांदाच का नाही बोललात?"

"एजंट म्हणला, जोडीनं गेलं की बरं दिसतंय."

यांना जायचं होतं. लेकीच्या लग्नानंतर हे एकदाही तिला भेटले नव्हते. पण खरं तर हेच होतं की हळदीच्या हंगामात हे शेत सोडून जाऊच शकत नव्हते, आणि पहिल्या अर्जात आम्ही ते खरं बाजूला ठेवून दुसरंच चित्र रंगवलं होतं.

मग अर्ज आम्हीच भरायचा ठरवलं. लेकीनं माझ्या ईमेलवर खातं उघडलं. रोज तिची सकाळ, माझी रात्र, फोन कानाला.

सगळ्यात वेळ गेला तो शेतीचा पैसा समजावून सांगण्यात. यांचा आयटी रिटर्न नाही, कारण शेतीचं उत्पन्न तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) नं करमुक्त. आपल्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण परक्या देशातल्या माणसाला रिटर्न नाही म्हणजे उत्पन्न नाही असंच दिसणार. म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढला. जिल्हा बँकेच्या खात्याचा तीन वर्षांचा उतारा घेतला. उसाची बिलं त्यावरच जमा होतात, आणि एजंटानं तोच उतारा बाजूला टाकला होता. आणि हळदीच्या पट्ट्या! हे सगळ्या पट्ट्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत खिळ्याला टांगून ठेवतात. पोती किती, वजन, दर, हमाली, तोलाई, हातात आलेली रक्कम. सांगलीच्या मार्केट यार्डात सौदा झाला की मिळतात त्या विक्रीच्या पावत्या. पिशवी उघडली तसा खोलीभर हळदीचा वास सुटला. कितीतरी पट्ट्यांच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा उमटलेला, तो स्कॅनमध्येही दिसत होता. मी पुसायचा प्रयत्न केला, तर लेक म्हणाली, "राहू दे आई, तसाच राहू दे."

मी दीड पानाचं पत्र लिहिलं. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लागण, नऊ महिने जमिनीत, मग काढणी. पैसा वर्षातून एकदाच येतो आणि एकदम येतो, तो पगारासारखा महिन्याला येत नाही. जुलैमध्ये जमा झालेल्या नऊ लाखांतले किती कुठल्या पट्टीचे आणि किती कुठल्या मोडलेल्या ठेवीचे, पावतीसह. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय हेही एका ओळीत घातलं. त्याची गरज होती की नाही माहीत नाही, पण मला ते लिहावंसं वाटलं.

सातबाऱ्याचं भाषांतर घरच्या माणसानं केलेलं चालत नाही, माझं इंग्रजी बरं असून उपयोग नव्हता. भाषांतर करणाऱ्यानं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं. डिजिटल सहीचे उतारे पंधरा-पंधरा रुपयांना ऑनलाइन काढले आणि सांगलीतल्या एका भाषांतरकाराकडं गेले. तरुण मुलगा, शहरातच वाढलेला. "बाई, हे पोटखराबा म्हणजे काय हो?" मी म्हटलं, "विहीर, बांध, ओढ्याकाठचा दगडाळ तुकडा, जिथं पीक येत नाही ते." त्यानं ‘लागवडीस अयोग्य क्षेत्र’ असा अर्थ करून घेतला. मग अडला सामाईक नावांवर. उताऱ्यावर तिघा भावांची नावं, यांचा वाटा कुठला? वाटणीचा फेरफार काढून तोही भाषांतराला दिला. हेक्टर, आर, वर्ग १, प्रत्येक शब्दावर आम्ही दोघं थांबत होतो, आणि मला सारखं वाटत होतं की, हीच माझी शेती, हेच माझं घर, पण दुसऱ्याच्या भाषेत सांगायला बसले की एकेक शब्द शोधावा लागतो. विजयनगरला कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्र करून घेतलं. तिथला नोटरी माझाच जुना विद्यार्थी निघाला, त्यानं खुर्ची पुसून दिली.

अर्जात "पूर्वी कधी व्हिसा नाकारलाय का?" असा प्रश्न आहे. हो लिहिलं, तारीख लिहिली. पत्रात सरळ लिहिलं की, पहिल्या अर्जात कारण अपुरं लिहिलं होतं, खरं कारण मुलीचं बाळंतपण आहे, मी एकटी पाच महिने राहणार आहे. घरी पती, त्यांची हळद आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत. मी नसताना त्यांच्याकडं जाऊबाई बघतील, पण कायम नाही. माझं पेन्शन सांगलीच्या बँकेत जमा होतं, पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत जोडली. लेकीच्या डॉक्टरांचं पत्र, तिचा वर्क परमिट, पगाराच्या पावत्या. बँकेत या वेळी एक रुपया हलवला नाही. ठेव ठेवीत, पेन्शन पेन्शनमध्ये.

किंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला अर्ज गेला. फी शंभर डॉलर. ठसे पुन्हा द्यायचे नव्हते, एकदा दिलेले दहा वर्षं चालतात.

मग वाट बघणं. या काळात लेकीनं सांगितलेलं थोडं लिहिते, कारण लोकांच्या मनात फार गैरसमज असतात. २०१८ पासून भारतातून आलेल्या ऑनलाइन अर्जांची पहिली वर्गवारी तिथं संगणक करतो. सरळसोट दिसणारे अर्ज तो पात्र ठरवून पुढं सरकवू शकतो, पण नाकारत नाही. नाकारतो तो माणूसच. त्या माणसासमोर अर्जांची माहिती तक्त्यात मांडून देणारं ‘चिनूक’ नावाचं एक साधन आहे. म्हणजे आपली तीस-चाळीस पानं त्याला आधी एका ओळीसारखी दिसत असणार. म्हणून पहिल्या पानावरच सगळं स्वच्छ लिहिलेलं बरं, हे माझं मत झालं.

२७ फेब्रुवारीला शेतात शिजवणी चालू होती, कढईतून वाफा निघत होत्या, तेव्हा ईमेल आला की पासपोर्ट पाठवा. पुन्हा पुणे. पासपोर्टवर व्हिसा लागून आला, अनेक वेळा जाता येईल असा, पासपोर्टच्या मुदतीपर्यंतचा. (नोव्हेंबर २०२४ पासून असा लांब मुदतीचा, अनेक प्रवासांचा व्हिसा आपोआप धरून चालता येत नाही, अधिकारी प्रत्येक अर्जाचं पाहून ठरवतो.)

१२ मार्चला कॅलगरीला उतरले. व्हिसा असला तरी आत सोडायचं की नाही हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, हे माहीत होतं, म्हणून छातीत धडधड. किती दिवस, कुणाकडं, बॅगेत काय? मी सांगितलं, अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू आणि घरची हळद. त्यानं हळदीची पुडी हातात घेऊन पाहिली, परत दिली आणि शिक्का मारला. शिक्क्यावर हातानं तारीख लिहिली नसेल तर सहा महिने धरायचे. १९ तारखेला नातू झाला. पाच महिने लिहिले होते, पाच महिन्यांनीच, गौरी-गणपतीच्या आधी परत आले.

हे मात्र नातवाला अजून भेटलेले नाहीत. गेल्या वर्षी सासूबाई आजारी होत्या, त्या गेल्या. यंदाची हळद विकून झाली की मे महिन्यात यांचा अर्ज घालायचा आहे. घरी म्हातारी आई आहे असं या वेळी लिहिता येणार नाही, आणि लिहिणार नाही. मी मागं आहे, ऊस आहे, आणि त्याची पुढची लागण परत येऊन करायची म्हणून पाचच आठवडे मागायचे. पट्ट्यांची पिशवी मी आत्तापासूनच वेगळी काढून ठेवली आहे.

यांचे ऑगस्ट २०२३ चे ठसे २०३३ पर्यंत चालतात, पुन्हा द्यायला जावं लागणार नाही, हे परवा सांगितलं. यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. म्हणाले, "एवढं तरी काम झालंय म्हणायचं."